मागली

१

वारंगा फाट्यावरच्या सेवा केंद्रात दिवसभर बसलं की माणसाचा माणसांवरचा विश्वास उडतो. सर्वरवरचा तर त्याच्या आधीच उडालेला असतो. सपनाचे दोन्ही उडून सात वर्षं झाली होती. पीकविम्याचे अर्ज, उत्पन्नाचे दाखले, मशीनवर अंगठा न उमटणाऱ्या म्हाताऱ्या... सहा वाजेपर्यंत तिची अशी गत होई की समोर सख्खी आई उभी राहिली तरी आधी आधार नंबर विचारावा. म्हणून घरी आल्यावर ती टीव्ही लावत नसे आणि मोबाइल ट्रंकेवर पालथा टाकून देई. चहा व्हायचा, चटई पसरायची, चटईवर सुताराकडून आणलेली प्लायवूडची फळी आणि फळीवर पझलचे पाचशे तुकडे. दिवसाचा शीण तिथे उतरायचा.

पझल घरात आलं ते डॉक्टरांमुळे. पावसाळ्यात कमलबाईंना लकव्याचा झटका आला. डावा हात गेला, डावा पाय ओढत चालायची वेळ आली, बोलणं जड झालं. "उजव्या हाताला आणि डोक्याला काम ठेवा," डॉक्टर म्हणाले, "आणि जपा. दुसरा झटका आला तर अवघड आहे." सपनाने ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं जपून ठेवलं. नवऱ्याचं घर सोडून तिला आठ वर्षं झाली होती, बाप त्याच्याही आधी गेलेला. 'जेवलीस का' म्हणून विचारणारं जगात एकच माणूस उरलं होतं. तिने आईला कुरुंद्याहून उचलून फाट्यावरच्या आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि ऑनलाइन पझल मागवलं.

डब्यावर बर्फातल्या कुठल्याशा गावाचं चित्र होतं. लाल छपरं आणि सगळीकडे पांढरं.

"एवढा कापूस कोणी सांडला गं?" कमलबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"बर्फ हाय आई तो."

"मंग ही लोकं पिकवतेत काय अन खातेत काय?"

पण एवढं विचारून झाल्यावर त्यांनी चित्राकडे फारसं पाहिलं नाही. त्यांचा हातच बघायचा. कुरुंद्याच्या एका वखारीत त्यांनी एकतीस वर्षं हळद निवडली होती. त्या वखारीत बाया एकीमागे एक अशा ओळीत बसत, सगळ्यांची तोंडं दाराच्या उजेडाकडे. पहिली लांब हळकुंडं काढून आपल्या पोत्यात भरी आणि उरलेला माल न बघता पाठीमागे टाकी. दुसरी त्यातले गट्टे, म्हणजे गोल कंद, घेई, बाकीचं पुन्हा मागे. तिसरीकडे मोडका माल, चौथीकडे चुरा. पहिलीच्या हातून एखादं चांगलं हळकुंड निसटलंच, तर मागली ते तिच्या काखेखालून पुढे देई. पुढचीचा तळहात तिथे तयारच असे. ज्याचं त्याला, एवढाच त्या वखारीचा कायदा. वळून बघायचं नाही. त्यात भुताखेताचं काही नव्हतं, वळलं की हात थांबतो एवढंच. पहिलीचं पोतं भरलं की ती 'सरका गं' म्हणून उठे, पोतं काट्यावर टाकून तिथूनच घरी जाई आणि अख्खी ओळ एकेक जागा पुढे सरके.

आता एकतीस वर्षांची खोड दोन महिन्यांत कशी जाणार? कमलबाई आतल्या खोलीच्या उंबऱ्याकडे पाठ करून, रस्त्याच्या दाराकडे तोंड करून बसत. हवा तो तुकडा फळीवर, नको तो खांद्यामागे. टक. सपना शेजारी बसून हसे आणि आठ वाजता सुपली घेऊन सगळं गोळा करी.

२

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एकदा ती सुपली घेऊन वाकली आणि वाकलेलीच राहिली. उंबऱ्यापलीकडे तुकडे पसरलेले नव्हते. त्यांचे ढीग लागले होते. एकात नुसतं पांढरं, एकात आभाळ, एकात सरळ कडेचे.

"आई, हे तू लावलंस?"

"मी कशाला लावू? माझ्या पाठीला डोळे हायत व्हय?"

"मंग कोणी लावलं?"

"मागलीनं." कमलबाईंनी चहात टोस्ट बुडवला. "देवला लई बराबर निवडती. पैल्यापासून."

देवलाबाईला सपना ओळखत होती. वखारीत एकतीस वर्षं आईच्या पाठीमागची जागा तिचीच. सहा वर्षांपूर्वी तापाने गेली तेव्हा सपना स्वतः कुरुंद्याला जाऊन तिच्या अंगावर फूल टाकून आली होती.

झटक्यानंतर माणसं काळवेळ विसरतात, हे डॉक्टरांनी सांगितलंच होतं. राहिले ढीग. तर एवढ्या वर्षांचा हात आहे, कुठला माल कुठे टाकायचा हे त्याला आपोआप कळत असणार. सपनाला हे पटलं. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याच्यासारखा वकील सापडायचा नाही. तिने ढीग मोडले, डब्यात भरले आणि भाकरी टाकायला उठली.

३

दिवसा कमलबाईंजवळ मदीनाबी बसायची. तिच्या नवऱ्याचं पंक्चरचं दुकान बरोबर सपनाच्या आतल्या खोलीच्या भिंतीला लागून होतं. तोंडाने फटकळ, पण जीव लावणारी बाई.

"मौसी दिनभर उस डब्बे कू हात नै लगाती," ती एका सकाळी दारात चपला काढता काढता म्हणाली. "तू आयी की शुरू. वो ठीक है. पन तुम लोगां घर में हल्दी कायकू उबाल रै?"

"हळद? काहून?"

"अगे बास आती ना! शाम कू तो हमारी दीवार में से आती."

सपना हसली. हळद अजून शेतात उभी होती. ती निघायची, उकडायची ती होळीच्या आसपास. पण संध्याकाळी चटईवर बसल्यावर तिने उगीचच नाक ओढलं, आणि आला वास. तोच ओला, मातकट, घशाला लागणारा वास, लहानपणी आई वखारीतून घरी आली की तिच्या लुगड्याला यायचा तो.

सुपलीत तुकडे भरताना एक उलटा पडला. पाठीमागच्या करड्या पुठ्ठ्यावर पिवळा अंगठा उमटला होता. तिने आईचा उजवा हात उजेडात धरून पाहिला. स्वच्छ होता. मग स्वतःचा पाहिला. वरणाला फोडणी तीच देत होती, नखांत पिवळं होतंच. तिला एवढं बरं वाटलं, की आपण कशाला भीत होतो हे तिने स्वतःला विचारलंच नाही.

फक्त तो अंगठा तिच्या अंगठ्यापेक्षा बराच रुंद होता.

४

दुसऱ्या दिवशी तिने ऐकलं.

फाट्यावर आवाजांना तोटा नाही. नांदेडकडचे ट्रक, काळीपिवळ्या जीपगाड्यांचे हॉर्न, मदीनाबीच्या नवऱ्याचा हवेचा पंप. पण सातच्या सुमाराला रस्ता कधीकधी दोन मिनिटं रिकामा होतो. अशाच दोन मिनिटांत कमलबाईंनी एक तुकडा मागे टाकला.

टक.

थोड्या वेळाने, आतल्या खोलीत जरा लांब, टक.

मग आणखी आत. टक.

फरशीवर पडून उडत गेला असेल, सपनाने ठरवलं. पुठ्ठा उडत नाही हे तिला माहीत होतं, पण ठरवायला काय जातंय? कमलबाईंनी दुसरा टाकला. ती मोजायला लागली. एक, उंबऱ्याशी. दोन, धान्याच्या कोठीपाशी. तीन, पार भिंतीला, अंथरुणांच्या घडीजवळ. आतली खोली दहा फूट लांब. तिथे ती संपते.

चार.

चौथा आवाज भिंतीच्या पलीकडचा होता. पंक्चरच्या दुकानातलाही नव्हता, कारण तिथला कुठलाही आवाज भिंतीतून दबून येतो. हा मोकळा आला. लांबच लांब, पत्र्याच्या छपराखालच्या जागेत यावा तसा. त्याच्यामागे पाचवा आला, आणि मग एक ट्रक गेला आणि पुढचं काही ऐकू आलं नाही.

सपना उठली आणि आतला दिवा लावला. कोठी, ट्रंक, अंथरुणांची घडी, भिंतीवर बुद्धाची तसबीर. सगळं जिथल्या तिथे. उंबऱ्याशी ढीग. कोठीपाशी लहान ढीग. शेवटच्या भिंतीच्या बुडाला एकच तुकडा, अर्धा भिंतीला टेकून उभा, जणू कुणाच्या हातून पलीकडे द्यायचा राहिला होता.

"दिवा काहून लावला?" बाहेरून कमलबाई म्हणाल्या. "त्यायचे डोळे दिपतेत ना."

५

त्या संध्याकाळी सपनाने चित्र तसंच अर्धवट फळीसकट उचलून कोठीवर ठेवलं, सुटे तुकडे डब्यात भरून डबा ट्रंकेत घातला. झालं खेळणं. उद्यापासून वाटाणे सोल म्हणावं, लसूण सोल म्हणावं.

समोरच्या रिकाम्या चटईवर कमलबाईंचा उजवा हात फिरला, काहीतरी चिमटीत धरल्यासारखं केलं आणि खांद्यामागे टाकलं. हातात काहीच नव्हतं.

टक.

सपनाने फळी आणि डबा पुन्हा खाली ठेवले. जे व्हायचं ते निदान डोळ्यांसमोर व्हावं. मग आईच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "आई, तुझ्या मागं देवलाकाकू. तिच्या मागं कोण?"

"शेवंता. तिच्या मागं दगडूची माय. तिच्या मागं लई हायत, मला सगळ्या ठाव न्हाईत."

एकूण एक गेलेल्या बाया.

"अन तुझ्या म्होरं?"

"माझ्या म्होरं कोण असणार? मीच पैली." त्यांनी लाल छपराचा एक तुकडा अलगद दाबून बसवला. "आता भरत आलंय पोतं. पाठ लई भरून आली बघ. भरलं की उठते."

सपनाने फळीकडे पाहिलं. बर्फातलं गाव जवळजवळ पुरं झालं होतं. पन्नासेक तुकड्यांची जागा उरली होती. आई मरणार हे ज्याला त्याला ठाऊकच असतं, पण ते असं तुकड्या-तुकड्याने भरताना कुणाला बसून बघावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना तिने डब्यातून एक तुकडा उचलला. एका घराच्या दाराचा, तपकिरी, त्यावर कडी. केंद्रावर गेल्यावर तो आपल्या टेबलाच्या खणात टाकला, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात ओवली. पोतं भरलंच नाही तर उठायचा प्रश्न कुठे येतो? दिवसभर ती इतक्या चांगल्या मूडमध्ये होती, की एका म्हातारीचा अंगठा अकराव्यांदा उमटला नाही तरी रागावली नाही.

६

पण नुसत्या कुलपावर तिचा जीव निर्धास्त राहीना. संध्याकाळी ती चटई ओलांडून आईच्या पुढ्यात, दाराकडे तोंड करून बसायला गेली. पहिल्या जागेचीच भीती असेल, तर ती जागा आपण घ्यावी.

कमलबाईंच्या चांगल्या हाताने तिचा दंड असा धरला की बोटं रुतली.

"म्होरं न्हाई बसायचं."

"बसू दे ना आई. उजेड येतो."

"माझ्या म्होरं तू बसायची न्हाई." जड जिभेतूनही शब्द एकेक करून नीट आले. डोळ्यांत पाणी होतं. आई सगळं समजून बोलते आहे, हे सपनाला त्या क्षणी कळलं आणि तिला रडू आवरेना. दोघी मायलेकी भरल्या चहाच्या कपांपुढे बराच वेळ रडल्या, कशासाठी ते एकमेकींना न सांगता.

मग सपना मागे बसली. उंबऱ्यावर, आईच्या पाठीला गुडघे टेकवून, आतल्या अंधाऱ्या खोलीकडे स्वतःची पाठ करून. देवलाच्या जागेवर. साखळीतली एक कडी आपण व्हायचं, आणि आपल्याकडून मागे काहीच जाऊ द्यायचं नाही, असा तिचा हिशोब.

"आता कसं," कमलबाई खूश होऊन म्हणाल्या. "घरचं माणूस मागं."

आई तुकडे मागे टाके, ते सपनाच्या ओच्यात पडत. ती ते तिथेच ठेवी. त्यातला एखादा फळीवर बसेलसा वाटला तर आईच्या काखेखालून पुढे देई. आईचा तळहात तिथे उघडा असायचाच. मागे एकही तुकडा गेला नाही आणि मागून एकही आवाज आला नाही. पहिल्या संध्याकाळी तिची मान आखडून गेली. दुसऱ्या संध्याकाळी तिच्या लक्षात आलं, की आपण बोलत बोलत काम करतो आहोत. ओच्यातून उचल, चाचपून बघ, पुढे दे. आईने वखारीतल्या गमती सांगितल्या, कुणाचं कुणाशी भांडण, कुणी कुणाची भाकरी चोरून खाल्ली. सपना पोट धरून हसली. कमलबाईंच्या डाव्या हाताची करंगळी त्या दिवशी जराशी हलली. केंद्रातल्या कामाचा सगळा शीण कुठल्या कुठे गेला होता. इतकं सुख तिला गेल्या आठ वर्षांत लागलं नव्हतं.

वास तेवढा होता. पण वासाने कुणाचं काय जातंय?

७

तिसऱ्या संध्याकाळी ओचा रिकामा होत आला. पाच तुकडे, मग तीन, मग एक. तोही तिने पुढे दिला. फळीवर आता एकच भोक राहिलं होतं, एका घराच्या दारात. सपनाने छातीवरची किल्ली चाचपली. होती.

कमलबाईंचा हात काखेखाली उघडाच राहिला. वाट बघत.

"संपलं आई," सपना म्हणाली. "एक हरवला वाटते. राहू दे आता. भाकरी टाकते."

"येतंय," कमलबाई म्हणाल्या.

रस्ता रिकामा झाला. हवेचा पंप थांबला. सपनाच्या पाठीमागे, अगदी जवळ, लुगडं सावरल्याचा आवाज झाला. त्याच्यामागे, लांब, तसाच आणखी एक. मग आणखी. अख्खी ओळ सावरून बसावी तसा.

वळायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. मानच वळेना. तिने फळीवरच्या त्या भोकावर नजर रोखली, आणि तिच्या स्वतःच्या काखेखालून एक हात पुढे आला. मनगटापर्यंतच दिसला. बाईचा, रापलेला, तळहाताच्या रेघारेघांत पिवळं मुरलेलं, आणि अंगठा रुंद. त्याने तिच्या तळहातावर काहीतरी ठेवलं आणि मागे गेला.

तीन संध्याकाळांत तिचा हात एकच काम शिकला होता. आलं की चाचपायचं, ज्याचं त्याला द्यायचं. ते तपकिरी आहे, त्यावर कडी आहे, ते कुलपात आहे, हे सगळं तिच्या डोक्यात आलं खरं, पण तोवर हाताने आपलं काम केलं होतं. तुकडा आईच्या तळहातावर होता.

"आई, नको!"

कमलबाईंनी तो बसवला आणि अंगठ्याने दाबला.

"सरका गं," त्या म्हणाल्या. झटक्याआधीच्या आवाजात, स्वच्छ, वखारभर ऐकू जाईल असं.

दाराची कडी हलली. रस्त्यावरच्या पिवळ्या उजेडात एक बाई दोन्ही पाय नीट टाकत, खांद्यावर पोतं घेतल्यासारखी जरा वाकून चाललेली सपनाला दिसली. एवढीच, एक पाऊल, मग काळीपिवळी आडवी आली. आणि आई तर इथेच होती, तिच्या गुडघ्यांपुढे. फळीवर हात ठेवून बसलेली. मग ती हळूहळू एका अंगावर कलली आणि चटईवर आडवी झाली. सपनाने तिच्या गालाला हात लावला. गाल ऊन होता. "आई," तिने हाक मारली. "आई, जेवलीस का?" तिला दुसरं काही सुचलं नाही.

मदीनाबीला हाक मारायला हवी होती. डॉक्टरांना फोन करायला हवा होता. मोबाइल ट्रंकेवर होता, ट्रंक आतल्या खोलीत होती, आणि त्यासाठी वळावं लागणार होतं.

आईची जागा समोर मोकळी पडली होती. दारातून तिथे चांगला उजेड येत होता.

सपनाच्या कमरेला मागून एक गुडघा लागला. जोरात नाही, घाईतही नाही. कामावरच्या बाईने पुढच्या बाईला लावावा तसा.

आणि तिचं अंग, तिला न विचारता, एक जागा पुढे सरकलं.